विश्लेषण : समुद्राचे पीक मोजणारा प्राध्यापक… प्लवकांचा बहर ठरावीक ऋतूतच का येतो?

किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या की समाजमाध्यमांवर चित्रफितींचा पाऊस पडतो. हा चमत्कार की प्रदूषण, अशी चर्चाही सुरू होते. या चमकण्यामागे ऋतू, प्रकाश आणि खत यांचे साधे पण कडक गणित आहे. समुद्रालाही पीक येते आणि ते मोजता येते, हा हट्ट सर्वप्रथम धरला जर्मनीतील कील शहरातल्या व्हिक्टर हेन्सेन या वैद्यकाच्या प्राध्यापकाने. त्यांचा सर्वात मोठा अंदाज साफ चुकला. पण त्या चुकीच्या शोधातूनच खरे उत्तर हाती लागले.

चर्चेचे निमित्त काय?

नोव्हेंबर २०२०मध्ये जुहू, देवगड अशा महाराष्ट्राच्या काही किनाऱ्यांवर रात्री निळसर प्रकाशाच्या लाटा दिसल्या होत्या. त्यामागे ‘नॉक्टिल्युका’ नावाचा एकपेशीय सूक्ष्मजीव असतो. लाटेचा धक्का बसला की त्याच्या पेशीत रासायनिक क्रिया होते आणि क्षणभर प्रकाश पडतो. आपल्या किनाऱ्यालगत आढळणारा नॉक्टिल्युका स्वतः अन्न तयार करत नाही. तो डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पतींवर जगतो. म्हणजे नॉक्टिल्युका वाढला याचा अर्थ त्याला खायला भरपूर मिळाले. आणि खायला भरपूर मिळाले याचा अर्थ त्या सूक्ष्म वनस्पतींना पाण्यात खत मिळाले. हे खत येते कुठून? ते वर्षभर का मिळत नाही? या प्रश्नांचा माग काढत गेले की आपण कील शहराच्या धक्क्यावर पोहोचतो. पाण्यात तरंगणाऱ्या, प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या या जीवांना ‘प्लँक्टन’ म्हणजे प्लवक हे नाव तिथेच १८८७मध्ये मिळाले. भटकणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते देणारे होते हेन्सेन.

हेन्सेन कोण होते?

व्हिक्टर हेन्सेन यांचा जन्म १० फेब्रुवारी १८३५ रोजी श्लेस्विग या गावी झाला. तेव्हा हा भाग डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. त्यांचे वडील गावातल्या मूकबधिरांच्या संस्थेचे प्रमुख होते. पुढे हेन्सेन यांनी आयुष्याचा मोठा काळ कानाच्या अभ्यासात घालवला. व्युर्झबुर्ग, बर्लिन आणि कील येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. विद्यार्थी असतानाच त्यांनी यकृतातील ग्लायकोजेन वेगळे काढले. फ्रान्सचे नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनीही त्याच सुमारास हेच काम केले आणि श्रेय मुख्यतः त्यांच्याकडे गेले. पण विशी-बाविशीतल्या विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे तिथपर्यंत पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हती.

आज कान-नाक-घसा विषयाच्या विद्यार्थ्यांना आतल्या कानातील ‘हेन्सेन पेशी’ पाठ कराव्या लागतात, त्या याच हेन्सेन यांच्या. गर्भशास्त्रातही त्यांच्या नावाची एक संज्ञा आहे. १८६३मध्ये त्यांनी कोळंबीच्या जातीतल्या प्राण्यांना ऐकू कसे येते याचा अभ्यास केला. ठरावीक स्वराला त्यांच्या अंगावरचे ठरावीक केस थरथरतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १८६८पासून १९११पर्यंत ते कील विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे समुद्र हा त्यांचा पोटापाण्याचा विषय कधीच नव्हता. तरीही जगाने त्यांना लक्षात ठेवले ते मुख्यतः समुद्रासाठी.

वैद्यकाचे प्राध्यापक समुद्राकडे का वळले?

यामागे राजकारण होते आणि मासळीही. १८६४ आणि १८६६च्या युद्धांनंतर श्लेस्विग-होलस्टाइनचा प्रदेश प्रशियाकडे गेला. १८६७मध्ये हेन्सेन प्रशियाच्या विधिमंडळात निवडून गेले. तिथे त्यांनी जो विषय लावून धरला तो होता समुद्राच्या शास्त्रीय पाहणीचा. शेतीबाबत सरकारला एकरी उतारा ठाऊक असतो, सारा ठरवता येतो, दुष्काळाचा अंदाज बांधता येतो. मग मासेमारीबाबत सरकार आंधळे का, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांच्या पाठपुराव्याला यश आले आणि १८७०मध्ये जर्मन समुद्रांच्या शास्त्रीय अभ्यासासाठी कीलमध्ये आयोग नेमला गेला. हेन्सेन त्याचे सदस्य होते. त्यांच्याबरोबर कार्ल म्योबिउस यांच्यासारखे प्राणिशास्त्रज्ञही होते. १८७१मध्ये बाल्टिकची आणि १८७२मध्ये उत्तर समुद्राची ‘पोमेरानिया’ जहाजावरून पाहणी झाली.

त्या काळात समुद्रातील मासळी कधी संपेल, ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटत होती. १८८३मध्ये लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्सली यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञाने कॉड, हेरिंग यांसारखी मोठी मासेमारी बहुधा कधीच संपणार नाही, असे मत मांडले होते. हेन्सेन यांना या प्रश्नावर मत नको होते, आकडा हवा होता.

तो मिळवण्याची त्यांची युक्ती आजच्या अभियंत्यालाही आवडावी अशी आहे. समुद्रातले मासे मोजता येत नाहीत, पण कॉड आणि प्लेस या माशांची अंडी पाण्यात तरंगतात, ती मोजता येतात. एक मादी किती अंडी घालते हे तिचे पोट उघडून मोजता येते. ही संख्या लाखांच्या घरात असते. मग पाण्यातल्या एकूण अंड्यांना एका मादीच्या अंड्यांनी भागले की अंडी घालणाऱ्या माद्यांचा अंदाज मिळतो. दिसणाऱ्या परिणामावरून न दिसणाऱ्या कारणाचा आकडा काढण्याची ही रीत मत्स्यशास्त्रात आजही वापरली जाते.

पण अंडी मोजताना जाळ्यात दुसरेच काही भरपूर येत होते. सूक्ष्म वनस्पती, सूक्ष्म प्राणी, अळ्या. अंड्यातून निघालेले पिल्लू हेच खाऊन जगणार. म्हणजे मासळीचा हिशेब लावायचा तर आधी या चाऱ्याचा हिशेब लावायला हवा, हे हेन्सेन यांच्या लक्षात आले.

मध्येच गांडुळे कुठून आली?

हेन्सेन यांच्या विचाराची दिशा समजायला त्यांचे एक विस्मृतीत गेलेले काम उपयोगी पडते. १८७७मध्ये त्यांनी गांडुळांवर निबंध प्रसिद्ध केला. गांडुळे पालापाचोळा बिळात ओढतात, माती वरखाली करतात, पिकांच्या मुळांना खोलवर जायला वाट करून देतात, हे त्यांनी दाखवले. बागेतील मोजलेल्या जागेत सापडलेल्या गांडुळांवरून त्यांनी हेक्टरी १ लाख ३३ हजार गांडुळांचा अंदाज काढला. चार्ल्स डार्विन यांनी १८८१च्या आपल्या गांडुळांवरील पुस्तकात हेन्सेन यांच्या या कामाचा आवर्जून आधार घेतला आहे.

याच शतकात जर्मनीत युस्टुस फॉन लीबिग यांनी शेतीतला एक नियम लोकप्रिय केला होता. पिकाला लागणाऱ्या द्रव्यांपैकी जे सर्वात अपुरे असेल, त्यावर उतारा ठरतो. बाकीची कितीही ओतली तरी उपयोग नाही. एक फळी आखूड असलेल्या पिंपात पाणी त्या फळीच्या उंचीपर्यंतच राहते, तसे. हेन्सेन समुद्राकडे शेत म्हणूनच पाहत होते. एक चौरस मीटर समुद्र वर्षाला किती सेंद्रिय द्रव्य देतो आणि तेवढीच जमीन किती देते, ही तुलना त्यांना करायची होती. समुद्रातली आखूड फळी कोणती, हा प्रश्न मात्र अजून कुणी विचारला नव्हता.

समुद्राचे पीक मोजले कसे?

जाळीसाठी हेन्सेन यांनी पिठाच्या गिरण्यांकडे धाव घेतली. मैदा चाळण्यासाठी गिरण्यांमध्ये बारीक विणीचे रेशमी कापड वापरत. त्याची भोके एकसारखी असतात आणि ओली झाली तरी आकार फारसा बदलत नाहीत. अशा कापडाचे शंकूच्या आकाराचे जाळे करून ते ठरावीक खोलीपर्यंत सोडायचे आणि सरळ उभे वर ओढायचे. तोंडाचे क्षेत्रफळ गुणिले खोली म्हणजे गाळलेल्या पाण्याचे घनफळ. जाळ्यातून पाणी पूर्णपणे आरपार जात नाही, काही बाजूने निसटते. त्याची दुरुस्तीही त्यांनी हिशेबात धरली. मग गोळा झालेला ऐवज नीट ढवळून त्यातला ठरावीक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा आणि एकेक पेशी मोजायची.

हे काम कंटाळवाणे होते. तासन् तास डोळे फोडून मोजणी करावी लागे आणि एका नमुन्यात दिवस जात. पण कीलच्या उपसागरात वेगवेगळ्या महिन्यांत केलेल्या या मोजणीतून समुद्राचे वेळापत्रक दिसू लागले. वसंतात डायटमची गर्दी उसळते, उन्हाळ्यात ओसरते आणि शरद ऋतूत शिंगांसारखे काटे असलेल्या ‘सेरॅशियम’ या प्लवकाचे राज्य येते. किनाऱ्यावर उभे राहून पाणी वर्षभर सारखेच वाटते, पण त्यात दोन हंगाम आहेत हे आकड्यांनी दाखवले. १८८७च्या अहवालात हेन्सेन यांनी पद्धत, आकडे आणि ‘प्लँक्टन’ हा शब्द असे तिन्ही एकत्र मांडले.

११५ दिवसांच्या सफरीत काय सापडले?

कीलचा उपसागर मोजून झाल्यावर त्यांना अख्खा अटलांटिक मोजायचा होता. बर्लिनच्या अकादमीमार्फत हुम्बोल्ट निधी आणि खुद्द कैसर दुसरा विल्हेल्म यांच्याकडून पैसा मिळाला. १५ जुलै १८८९ रोजी ‘नॅशनल’ ही आगबोट कीलहून निघाली. हेन्सेन तेव्हा ५४ वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर प्राणिशास्त्रज्ञ कार्ल ब्रांट, वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांट्स श्यूट, भूगोलतज्ज्ञ ओटो क्र्युमेल, एक जीवाणुतज्ज्ञ आणि एक चित्रकारही होता. ग्रीनलंडच्या दक्षिणेकडून बर्म्युडा, सारगासो समुद्र, केप व्हर्द, असेन्शन बेट, ब्राझीलमधील ॲमेझॉनचे मुख असा फेरा मारून बोट ७ नोव्हेंबरला परतली.

अपेक्षा अशी होती की उष्ण कटिबंधातले समुद्र प्लवकांनी ओसंडत असतील. तिथे वर्षभर ऊन आणि ऊब असते. जमिनीवर त्याच अक्षांशांत घनदाट जंगले आहेत, मग समुद्रातही तेच असणार. जाळी वर आली तेव्हा उलटेच दिसले. थंड उत्तरेकडच्या पाण्यात प्लवक दाट आणि उष्ण, निळ्याशार समुद्रात विरळ. पोस्टकार्डावर सुंदर दिसणारे सारगासोचे निळे पाणी म्हणजे प्रत्यक्षात समुद्रातला माळ होता. पाणी निळे दिसते याचे एक कारणच हे की त्यात हिरवे काही फारसे नसते.

हेन्सेन यांच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. सम्राटाचा पैसा खर्च झाला होता, देशभर गाजावाजा झाला होता आणि हाती आलेला निष्कर्ष सामान्य समजुतीच्या विरुद्ध होता. तो का खरा असावा, याचे पटणारे कारण त्यांच्याकडे नव्हते.

हेकेल यांच्याशी वाद का पेटला?

१८९०मध्ये येना विद्यापीठाचे एर्न्स्ट हेकेल यांनी ‘प्लँक्टन-स्टुडिएन’ हे पुस्तक लिहून हेन्सेन यांच्या मोहिमेवर थेट हल्ला चढवला. हेकेल त्या वेळी जर्मनीतील सर्वात प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ होते. डार्विनवादाचे प्रचारक, उत्तम चित्रकार आणि आयुष्यभर समुद्री सूक्ष्मजीवांचा अभ्यास केलेले. त्यांचे म्हणणे असे की प्लवक समुद्रात एकसारखे पसरलेले नसतात, ते थव्यांनी आणि पट्ट्यांनी राहतात. मग काही ठिकाणी जाळे टाकून महासागराचा हिशेब मांडणे निरर्थक आहे. एकेक पेशी मोजत बसणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असेही त्यांनी ठरवून टाकले. उष्ण समुद्र गरीब आहेत हा निष्कर्ष तर त्यांनी पूर्णच धुडकावला. गंमत म्हणजे याच पुस्तकातून त्यांनी समुद्रतळावरील जीवांसाठी आणि पोहणाऱ्या जीवांसाठी जे शब्द रूढ केले, ते हेन्सेन यांच्या ‘प्लँक्टन’च्या जोडीने आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत.

हेन्सेन यांनी १८९१मध्ये पुस्तिका लिहून उत्तर दिले. नमुन्यांमधला फरक किती आहे, हेदेखील मोजूनच कळणार, हा त्यांच्या उत्तराचा गाभा होता. वादाचा निवाडा इतिहासाने अर्धा-अर्धा केला. प्लवक पुंजक्यांनी राहतात, हे हेकेल यांचे म्हणणे बरोबर निघाले. उपग्रहांच्या छायाचित्रांत आज ते पुंजके आणि भोवरे स्पष्ट दिसतात. पण उष्ण महासागर गरीब आहेत, हा हेन्सेन यांचा मुख्य निष्कर्षही टिकला. तीच उपग्रह छायाचित्रे तेही दाखवतात.

हेन्सेन यांची दुसरी चूक त्यांच्याच शिष्याने पकडली. हान्स लोमान यांनी समुद्रातील ‘अपेंडिक्युलेरियन’ या जीवाची श्लेष्मल घरटी तपासली. हा जीव त्या घरट्यातून पाणी गाळून अन्न मिळवतो. त्या नैसर्गिक गाळणीत असे असंख्य बारीक जीव अडकलेले होते, जे रेशमी जाळ्यातून सहज निसटत होते. मग लोमान यांनी १९०५-०६मध्ये कीलजवळच्या लाबो येथे वर्षभर पाणी गोळा करून, यंत्राने गरगर फिरवून त्यातला साका मोजला. हेन्सेन यांच्या चाळणीतून पिकाचा बराच मोठा वाटा गळून जात होता, हे त्यातून सिद्ध झाले.

मग उष्ण समुद्र उपाशी का?

याचे उत्तर शोधण्याचे काम सफरीतले सहकारी कार्ल ब्रांट यांनी अंगावर घेतले. १८९९मध्ये त्यांनी लीबिग यांचा शेतीतला नियम समुद्राला लावला. ऊन आणि ऊब असूनही पीक येत नसेल तर आखूड फळी खताची असणार, आणि ते खत बहुधा नत्र असावे. त्यांनी पुढे असे मांडले की काही जीवाणू पाण्यातील नायट्रेट मोडून त्याचा वायू करतात आणि नत्र हवेत उडून जाते. उष्ण पाण्यात हे जीवाणू जोमाने काम करतात, म्हणून तिथे खत उरत नाही.

यातला पहिला भाग बरोबर होता, दुसरा चुकीचा. कील येथे एमिल राबेन या रसायनतज्ज्ञाच्या मदतीने ब्रांट यांनी वर्षानुवर्षे नत्र, फॉस्फरस आणि सिलिकाची मोजमापे करवून घेतली. त्या काळची रासायनिक पद्धत कच्ची होती आणि आकडे बरेचदा फसवे येत. दरम्यान १९०६मध्ये अलेक्झांडर नाथानसोन यांनी वेगळे कारण सुचवले. खत नष्ट होत नाही, ते खाली बुडते. ते वर येण्याची सोय जिथे आहे तिथे पीक येते, जिथे नाही तिथे येत नाही.

आज हेच स्पष्टीकरण मान्य आहे. प्लवक वरच्या उजेडातल्या थरात नायट्रेट, फॉस्फेट वापरून वाढतात. मेल्यावर किंवा खाल्ले गेल्यावर त्यांचे अवशेष खाली जातात. तिथे जीवाणू ते कुजवतात आणि खत पुन्हा पाण्यात मिसळते, पण अंधारात. उष्ण समुद्रात वरचे पाणी तापून हलके झालेले असते. थंड, जड पाण्यावर ते झाकणासारखे बसते. वर ऊन आहे पण खत नाही. खाली खत आहे पण ऊन नाही.

बहराचे वेळापत्रक नेमके कसे ठरते?

आता हेन्सेन यांनी कीलमध्ये पाहिलेल्या दोन हंगामांचा उलगडा होतो.

हिवाळा : वादळे पाणी ढवळतात. तळाचे खत पृष्ठभागापर्यंत येते. शेताला भरपूर शेणखत मिळावे तशी ही तयारी असते. पण डिसेंबरमध्ये कीलला दिवस जेमतेम सात-सव्वासात तासांचा असतो आणि सूर्य क्षितिजालगतच राहतो. खत आहे, ऊन नाही.

वसंत : दिवस मोठा होतो. पाण्याचे थर स्थिर होऊ लागतात, त्यामुळे प्लवक अंधारात ढकलले न जाता उजेडात टिकतात. डायटम झपाट्याने दुप्पट होत जातात. त्यांना कवचासाठी सिलिकाही लागते. काही आठवड्यांत नायट्रेट आणि सिलिका संपत येते. बहर जसा अचानक आला तसा मोडतो आणि डायटमचा खच तळाशी जातो.

उन्हाळा : ऊन मुबलक, पण वरच्या थरात खत नाही. जे थोडे फिरत असते त्यावर बारीक जीव तगून राहतात. नेमके लोमान यांना सापडलेले, हेन्सेन यांच्या जाळ्यातून निसटणारे.

शरद : वारे वाढतात, झाकण सैल होते, तळातले थोडे खत वर येते आणि उजेड अजून पुरता गेलेला नसतो. मग सेरॅशियमसारख्यांचा दुसरा, छोटा हंगाम येतो.

वसंतातला बहर सुरू होण्यासाठी पाणी किती खोलवर ढवळलेले चालते, याचे गणिती सूत्र नॉर्वेचे हाराल्ड स्वेर्ड्रूप यांनी १९५३मध्ये मांडले. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. पण उजेड वरून आणि खत खालून, ही दोन टोके जुळली की बहर, हा आराखडा कायम आहे.

हेन्सेन यांना त्यांचा आकडा मिळाला का?

समुद्राचे वार्षिक उत्पन्न किती, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. त्याचा एक सोपा मार्ग निघाला तो इंग्लंडमधील प्लिमथला. तिथे डब्ल्यू. आर. जी. ॲटकिन्स यांनी फॉस्फेट मोजण्याची नवी, संवेदनशील पद्धत वापरली. इंग्लिश खाडीच्या पाण्यात हिवाळ्यात किती फॉस्फेट असते आणि उन्हाळ्यात किती उरते, हे त्यांनी मोजले. जेवढे घटले तेवढे प्लवकांनी खाल्ले, त्यावरून किमान किती पीक आले ते काढता येते. पेशी मोजायला नकोत, जाळ्याच्या भोकांची भानगड नको. कोठारातले खत किती कमी झाले यावरून पीक ओळखायचे. माशांची संख्या अंड्यांवरून काढणाऱ्या हेन्सेन यांच्या युक्तीचीच ही पुढची पायरी. ॲटकिन्स यांचे हे काम १९२३मध्ये प्रसिद्ध झाले. ५ एप्रिल १९२४ रोजी कील येथे हेन्सेन यांचे निधन झाले. ते ८९ वर्षांचे होते.

आज त्या किनाऱ्याची स्थिती काय?

हेन्सेन यांच्या हयातीतच आणखी एक घटना घडली, जिचा समुद्राशी संबंध तेव्हा फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. १९१३मध्ये जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करण्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. त्यातून कृत्रिम नत्रखताचे युग आले. जमिनीवरची आखूड फळी माणसाने लांब केली. पण शेतात न जिरलेले खत नद्यांतून समुद्रात गेले, त्याला शहरांचे सांडपाणी मिळाले आणि समुद्रातली फळीही लांब झाली.

बाल्टिक हा चहूबाजूंनी वेढलेला, पाण्याची ये-जा मंद असलेला समुद्र. त्याला याचा जबर फटका बसला. पीक जास्त आले, तेवढा खच जास्त तळाशी गेला, तो कुजवताना जीवाणूंनी तळाचा ऑक्सिजन संपवला. कीलजवळ एकर्नफ्योर्डे उपसागराच्या तोंडाशी बोक्निस एक या ठिकाणी १९५७पासून दरमहा मोजणी होते. तिथे उन्हाळ्याच्या शेवटी तळाजवळचा ऑक्सिजन घटत जाताना दिसतो. १९७४मध्ये बाल्टिकच्या काठावरील देशांनी हेलसिंकीत करार केला. त्यांनी बाहेरून येणाऱ्या खतावर नियंत्रण आणले, तरी तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस अजून त्रास देतो. समुद्र उपाशी का, हा हेन्सेन यांच्या काळचा प्रश्न होता. आज तिथे अजीर्णाचा प्रश्न आहे.

अरबी समुद्राला हे गणित कसे लागू पडते?

आपल्याकडे थंडी आणि वसंताऐवजी मोसमी वारे वेळापत्रक ठरवतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळपासून उत्तरेकडे सरकत किनाऱ्यालगत खोलातले थंड, खताने समृद्ध पाणी वर येते. गोव्यापर्यंत हा परिणाम जाणवतो. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यातले कोरडे, थंड वारे पृष्ठभागाचे पाणी गार व जड करतात. ते खाली बसते आणि खत वर येते. म्हणून आपल्या समुद्राचेही दोन हंगाम आहेत, फक्त त्यांची कारणे वेगळी.

आणि इथेच ब्रांट यांची चुकलेली कल्पना अनपेक्षितपणे खरी ठरते. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीत ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तिथे जीवाणू खरोखरच नायट्रेट मोडून त्याचा वायू करतात. जगातील अशा तीन मोठ्या क्षेत्रांपैकी हे एक आहे. प्लवकांत नत्र आणि फॉस्फरस यांचे अणू साधारण १६ ला १ या प्रमाणात असतात, हे अमेरिकेचे आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४पासून मांडलेल्या कामातून प्रस्थापित झाले. फॉस्फेटच्या मानाने नायट्रेट किती कमी भरते, यावरून किती नत्र उडून गेले ते काढता येते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये दाखवले की पावसाळा सरताना आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ पट्ट्यातही तळाचा ऑक्सिजन संपतो. त्यातून नायट्रस ऑक्साइड हा हरितगृह वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो. तळाची ही स्थिती मुळात नैसर्गिक आहे. तिच्यात नद्यांतून येणारे खत आणि सांडपाणी किती भर घालते, हा आजचा कळीचा मुद्दा आहे, कारण पापलेट-कोळंबीचे जाळे याच पट्ट्यात पडते.

म्हणून किनारा पुन्हा निळा चमकेल तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एका रात्रीच्या चमकण्यावरून समुद्र निरोगी आहे की आजारी, हे सांगता येत नाही. त्यासाठी त्याच जागी, दर महिन्याला, वर्षानुवर्षे पाणी काढून नायट्रेट, फॉस्फेट, ऑक्सिजन आणि प्लवक मोजावे लागतात. गोव्यात कांदोळीसमोरच्या समुद्रात अशी मोजणी १९९७पासून होते आहे. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याची चित्रफीत कुणी पाहत नाही. पण मोजल्याशिवाय समुद्राबद्दल बोलू नये, ही शिस्त कीलच्या त्या प्राध्यापकाने लावून दिली आहे.